संज्ञा आणि तिची खूण : प्रोग्रॅममधील नामकरणाच्या ‘हंगेरियन’ पद्धतीचे परीक्षण

१

संगणकाला नावांचे सोयरसुतक नसते. प्रोग्रॅममध्ये एखाद्या राशीला ‘वेतन’ म्हटले काय किंवा ‘क्ष’ म्हटले काय, यंत्राच्या दृष्टीने त्यात काही भेद नाही. कंपायलर प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, तेव्हा या नावाच्या जागी बहुधा स्मृतीतील एक पत्ता तेवढा उरतो आणि नाव गळून पडते. असे असूनही नावे कशी ठेवावीत या प्रश्नावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत गेली कित्येक दशके वाद चालू आहे. त्याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. प्रोग्रॅम चालवते यंत्र, पण तो वाचावा लागतो माणसाला. आणि ज्याने तो लिहिला त्यालाच तो वाचावा लागतो असेही नाही. लेखक काम सोडून गेल्यावर, कधी वीस वर्षांनी, दुसऱ्या कोणाला तरी त्यातील एक चूक दुरुस्त करावयाची असते. त्या वेळी त्याला आधार असतो तो मुख्यतः नावांचाच. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातील डायसेनबॉक व पिट्स्का यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक्लिप्स या विख्यात प्रोग्रॅमसंचाची मोजदाद दिली आहे. तीनुसार त्यातील एकूण अक्षरांपैकी सुमारे ७० टक्के अक्षरे केवळ नावांमध्ये खर्ची पडलेली आहेत. म्हणजे प्रोग्रॅमचे वाचन हे बव्हंशी नावांचे वाचन होय.

तेव्हा हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. वस्तूला नाव देणे आणि त्या नावाला एखादी खूण जोडून त्या वस्तूचे वर्तन सुचविणे हा संज्ञाविचार आहे, आणि संज्ञाविचाराची आपल्याकडील परंपरा बरीच जुनी व कसोशीची आहे. प्रस्तुत लेखात प्रोग्रॅममधील नामकरणाच्या एकाच पद्धतीचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. ती पद्धती म्हणजे ‘हंगेरियन’ या नावाने ओळखली जाणारी. तिच्याइतकी कोणतीही पद्धती एका काळी इतकी पसरली नाही आणि नंतर इतकी निंदिली गेली नाही. तिचा उत्कर्ष व अपकर्ष या दोहोंचे मूळ एकाच शब्दाच्या गैरसमजात आहे, आणि त्या गैरसमजातून नामकरणाचा एक सर्वसाधारण निकष हाती लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परिभाषेविषयी दोन शब्द. प्रोग्रॅमर ज्याला व्हेरिएबल म्हणतात त्यासाठी येथे गणितातील ‘चल’ हा रूढ शब्द वापरला आहे. चलामध्ये पूर्णांक, अपूर्णांक, अक्षरमाला इत्यादींपैकी काय साठवावयाचे हे ठरविणाऱ्या वर्गाला ‘प्रकार’ म्हटले आहे. रोमन अक्षरे त्यांच्या उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

२

नावाच्या अक्षरांवरून चलाचा प्रकार ओळखावयाचा ही कल्पना हंगेरियन पद्धतीहून जुनी आहे. आयबीएम ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली फॉरट्रान ही भाषा १९५७ साली प्रचारात आली. तिच्यात नाव सहा अक्षरांहून मोठे असू शकत नसे; आणि ज्या चलाचे नाव आय, जे, के, एल, एम, एन या सहांपैकी एका अक्षराने सुरू होई तो पूर्णांक समजला जाई, उरलेले सर्व दशांशयुक्त. गणितज्ञ अनुक्रमासाठी ही अक्षरे वापरीतच होते. भाषेने त्या रूढीला नियमाचे रूप दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फॉरट्रानमध्ये नावाचे आद्याक्षर चलाचा प्रकार *सांगत* नसे, ते तो *ठरवीत* असे. मीमांसकांच्या भाषेत बोलावयाचे तर ते अक्षर विधिरूप होते. अन्य मार्गाने जे प्राप्त नाही ते विधी प्राप्त करून देतो. म्हणून तो खोटा ठरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्या योजनेत दुसरे दोष होते. चलाची आगाऊ घोषणा करण्याचे बंधन नसल्यामुळे लिहिताना नावात एक अक्षर चुकले तर यंत्र तक्रार न करता एक नवेच चल निर्माण करी. पुढे १९९० च्या फॉरट्रान-प्रमाणात हा अव्यक्त नियम रद्द करण्याची सोय अधिकृतपणे दिली गेली, आणि नावांची मर्यादा सहावरून एकतीस अक्षरांपर्यंत वाढली. तथापि तेथे नाव आणि वस्तू यांत विसंवाद नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

नंतरच्या भाषांत प्रकाराची घोषणा स्वतंत्रपणे करावी लागू लागली. त्याबरोबर नावातील अक्षराचा हा अधिकार संपला. त्यानंतर जर कोणी नावाला प्रकारदर्शक अक्षर जोडले, तर घोषणेने आधीच सांगितलेली गोष्ट ते पुन्हा सांगते एवढेच. मीमांसक ज्याला अनुवाद म्हणतात तो हाच. अनुवादाला स्वतःचे प्रामाण्य नसते. मूळ वचन बदलले तर तो निराधार होतो. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

३

हंगेरियन पद्धतीचे जनक चार्ल्स सिमोनी यांचा जन्म १९४८ साली बुडापेस्ट येथे झाला. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात त्यांनी बटलर लॅम्पसन यांच्यासह ‘ब्राव्हो’ हा लेखनसंपादनाचा प्रोग्रॅम घडविला; १९८१ मध्ये ते मायक्रोसॉफ्ट कंपनीत गेले आणि तेथील वर्ड, एक्सेल इत्यादी प्रोग्रॅमांच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. नामकरणाच्या त्यांच्या पद्धतीला ‘हंगेरियन’ हे नाव पडले ते थोडे त्यांच्या जन्मभूमीवरून आणि थोडे थट्टेने. हंगेरीत आडनाव आधी व व्यक्तीचे नाव मागाहून लिहितात. या पद्धतीतही चलाच्या कुळाची खूण आधी येते व विशेष नाव नंतर. शिवाय असा प्रोग्रॅम नवख्या माणसाला परकी भाषा वाचल्यासारखा वाटे, हेही एक कारण होतेच.

पद्धतीचे स्वरूप थोडक्यात असे. प्रत्येक चलाच्या नावारंभी एक लहान खूण असावी. सी-एच ही खूण अक्षराची, सी ही संख्येची, आर-जी ही ओळीने मांडलेल्या संचाची, पी ही स्मृतीतील स्थान दर्शविणाऱ्या निर्देशकाची. खुणा एकमेकींना जोडता येतात. म्हणून सी-सी-एच म्हणजे अक्षरांची संख्या आणि पी-सी-एच म्हणजे अक्षराचा निर्देशक. दोन प्रोग्रॅमरांनी स्वतंत्रपणे विचार केला तरी एकाच वस्तूला त्यांनी एकच नाव द्यावे, अशी सिमोनी यांची अपेक्षा होती. नाव ‘सुचण्याची’ वाट पाहावी लागू नये. ते नियमांनी सिद्ध व्हावे.

या खुणेला सिमोनी यांनी ‘प्रकार’ हाच शब्द लावला, आणि अनर्थाचे बीज तेथे पेरले गेले. त्यांच्या मनातील प्रकार कंपायलरच्या प्रकाराहून निराळा होता. ज्या दोन राशींवर त्याच क्रिया करता येतात त्या एका प्रकारच्या, ही त्यांची व्याख्या. एक्सेलच्या कोष्टकात ओळीचा क्रमांक व स्तंभाचा क्रमांक हे दोन्ही यंत्राच्या दृष्टीने पूर्णांकच. परंतु ओळीच्या क्रमांकाची स्तंभाच्या क्रमांकाशी बेरीज करण्यात काही अर्थ नाही. म्हणून एकाला आर-डब्ल्यू ही खूण, दुसऱ्याला सी-ओ-एल ही. कंपायलर हा भेद जाणू शकत नव्हता. वाचकाने तो जाणावा म्हणून खूण होती.

४

हा मुद्दा आपल्या परिचयाच्या क्षेत्रातील उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एखाद्या प्राचीन मराठी काव्याची शब्दसूची सिद्ध करण्यासाठी प्रोग्रॅम लिहिला आहे. हाताशी एक पोथी आहे व एक मुद्रित प्रत आहे. पोथीत काही ओव्या अधिक आहेत, काही गळलेल्या आहेत. त्यामुळे पोथीतील ओवीक्रमांक व मुद्रितातील ओवीक्रमांक जुळत नाहीत. दोन्ही क्रमांक पूर्णांकच. प्रोग्रॅमरने एकाला दुसऱ्याचे मूल्य दिले, तर कंपायलर हरकत घेणार नाही, प्रोग्रॅम सुरळीत चालेल आणि शब्दसूचीतील शेकडो स्थळनिर्देश चुकीचे छापले जातील. ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आता सिमोनी यांचा मूळ उद्देश ध्यानात घेऊन नावे ठेवली, तर एक ‘पोओवी’ होईल व दुसरे ‘मुओवी’. ‘पो’ म्हणजे पोथीतील, ‘मु’ म्हणजे मुद्रितातील. ज्या ओळीत ‘पोओवी’ला ‘मुओवी’चे मूल्य दिले आहे ती ओळ पाहताक्षणी डोळ्यांना खटकेल. चूक शोधण्यासाठी प्रोग्रॅमचे बाकीचे भाग चाळण्याची गरज पडणार नाही. खुणेचे सार्थक यात आहे.

याउलट ‘पू’ म्हणजे पूर्णांक अशी खूण ठरवून दोन्ही चलांना ‘पूओवी-१’ व ‘पूओवी-२’ म्हटले तर काय साधेल? ते पूर्णांक आहेत हे घोषणेत सांगितलेलेच आहे. ज्या चुकीची भीती आहे तिच्याविषयी ही खूण मुकी आहे. आणि पुढे पोथीच्या समासात लिहिलेली एक अधिक ओवी सापडली, तिला ‘४७अ’ हा क्रमांक द्यावा लागला, म्हणजे तर पंचाईतच. आता चल पूर्णांक राहू शकत नाही, ते अक्षरमाला होते. घोषणा एका जागी बदलावयाची. नाव मात्र पाचशे जागी विखुरलेले. कामाच्या घाईत घोषणा बदलली जाते, नाव तसेच राहते. त्या क्षणापासून ‘पू’ ही खूण वाचकाशी खोटे बोलू लागते.

५

हंगेरियन पद्धतीच्या इतिहासात नेमके असेच घडले. कोष्टके व लेखनसंपादन यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून ही पद्धती विंडोज या कार्यप्रणालीच्या रचनाकारांकडे गेली, तेव्हा ‘प्रकार’ या शब्दाचा अर्थ कंपायलरचा प्रकार असाच घेतला गेला. डब्ल्यू म्हणजे सोळा बिटांचा शब्द, एल म्हणजे बत्तीस बिटांचा दीर्घ पूर्णांक, एल-पी म्हणजे दीर्घ निर्देशक, अशा खुणा रूढ झाल्या. विंडोजच्या अधिकृत माहितीपुस्तिकांत त्या होत्या. चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या १९८८ मधील ग्रंथावरून प्रोग्रॅमरांची एक पिढीच विंडोजची रचना शिकली, आणि त्या ग्रंथाबरोबर या खुणाही दूरवर पोहोचल्या. सिमोनी यांनी मार्टिन हेलर यांच्यासह ‘बाइट’ मासिकाच्या ऑगस्ट १९९१ च्या अंकात आपली पद्धती मांडली. परंतु तोपर्यंत लोकांनी उचलली होती ती तिची दुसरी, बिघडलेली आवृत्ती.

या बिघाडाचा पुरावा आजही प्रत्येक विंडोज-प्रोग्रॅममध्ये पाहावयास मिळतो. प्रत्येक संदेशाबरोबर कार्यप्रणाली दोन मूल्ये पाठविते, त्यांची रूढ नावे डब्ल्यू-पॅरम व एल-पॅरम अशी आहेत. सोळा बिटांच्या काळात पहिले खरोखरच सोळा बिटांचे होते. कार्यप्रणाली बत्तीस बिटांची झाली तेव्हा ते बत्तीसचे झाले, पुढे चौसष्टच्या आवृत्तीत चौसष्टचे. परंतु नावातील डब्ल्यू तसाच राहिला, कारण असंख्य प्रोग्रॅम त्या नावावर अवलंबून होते. तीच गत दीर्घ निर्देशकाची. ऱ्हस्व व दीर्घ निर्देशकांतील भेदच नाहीसा झाला, तरी एल-पी ही खूण जागोजाग उभी आहे. ओस पडलेल्या गावाच्या वेशीवर जुन्या जकातनाक्याची पाटी राहावी, तशी तिची स्थिती आहे.

या दोन आवृत्त्यांतील भेद सर्वसामान्य प्रोग्रॅमरांपुढे स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय जोएल स्पोल्स्की यांच्या २००५ मधील निबंधाला दिले पाहिजे. चुकीचा प्रोग्रॅम चुकीचा दिसला पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन. पण तोपर्यंत निकाल लागून गेला होता. मायक्रोसॉफ्टच्याच डॉट नेट प्रणालीच्या नामकरण-नियमांत हंगेरियन पद्धती वर्ज्य ठरली. लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या लेखननियमांत तिची कठोर शब्दांत संभावना केली आहे. कंपायलरला प्रकार ठाऊकच असतो व तो तपासूही शकतो, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप बिनतोड आहे. परंतु तो लागू पडतो तो अनुवादरूप खुणेला. जे कंपायलरला ठाऊक नाही ते सांगणाऱ्या खुणेला तो स्पर्शही करीत नाही. टीकाकारांनी मूळ पद्धती व तिचा विपर्यास यांना एकाच शिक्षेस पात्र ठरविले, ही या वादातील मोठी उणीव होय.

६

येथे पाणिनीय परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मात्र संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे, अशा स्वरूपाची जी विधाने आपल्याकडे वेळोवेळी केली जातात, त्यांच्याशी या तुलनेचा काही संबंध नाही. पाणिनीला संगणकाचे पूर्वज्ञान होते असे कोणास सुचवावयाचे नाही. नियमांचे एक मोठे तंत्र रचणाऱ्यापुढे संज्ञांचा जो प्रश्न उभा राहतो तो दोन्ही ठिकाणी सारखा आहे, इतकेच म्हणावयाचे आहे.

धातुपाठात ‘कृ’ हा धातू ‘डुकृञ्’ असा पठित आहे. त्याच्या दोन्ही अंगांस जोडलेले ‘डु’ व ‘ञ्’ हे अनुबंध प्रत्यक्ष प्रयोगात कोठेही उच्चारले जात नाहीत. ‘ञ्’मुळे हा धातू उभयपदी असल्याचे कळते, ‘डु’मुळे त्याला एक विशिष्ट प्रत्यय लागून ‘कृत्रिम’ हा शब्द सिद्ध होऊ शकतो असे कळते. ‘क्त’ प्रत्ययातील ‘क्’ असाच. तो आपल्या आधीच्या अंगाचा गुण होऊ देत नाही, म्हणून ‘कृत’ हे रूप होते. काही अनुबंध केवळ उच्चारसौकर्यासाठी असतात हे खरे. परंतु बहुतेकांचे कार्य एकच आहे. ज्या वस्तूला ते जोडले आहेत ती प्रक्रियेत कशी वागेल, हे ते सांगतात. ‘कृ’ हा स्वरान्त आहे हे सांगण्यासाठी पाणिनीने अनुबंध योजला नाही, कारण ते त्या धातूच्या रूपावरूनच दिसते. तो उभयपदी आहे हे मात्र रूपावरून दिसत नाही. म्हणून तेथे खूण. सिमोनी यांची मूळ खूण या अनुबंधाच्या जातीची आहे. विंडोजमधील खूण म्हणजे स्वरान्त धातूला स्वरान्तत्वाचा अनुबंध जोडण्यासारखे होय.

नावाच्या लांबीविषयीही भाष्यकारांचा विचार येथे उपयुक्त आहे. संज्ञा करावयाची ती लाघवासाठी, ही पतंजलीची भूमिका. ‘टि’, ‘घु’, ‘भ’ यांसारख्या एकाक्षरी संज्ञा त्या दृष्टीने आदर्श; त्यांना स्वतःचा अर्थ नाही आणि त्याची गरजही नाही. मग ‘सर्वनाम’ अशी चार अक्षरांची मोठी संज्ञा का केली? भाष्याचे उत्तर असे की, ती अन्वर्थ समजली जावी म्हणून. आणि ही अन्वर्थता शोभेपुरती नाही. ‘सर्व’ हे एखाद्या मनुष्याचे विशेषनाम म्हणून योजले, तर ते सर्वांचे नाम राहत नाही. म्हणून त्याला सर्वनामाची कार्ये होत नाहीत. म्हणजे संज्ञेची लांबी येथे प्रत्यक्ष काम करते, एक अनिष्ट प्रसंग टाळते. लांबीने आपले मोल असे चुकते करावे, ही कसोटी आजच्या प्रोग्रॅमरनेही स्वीकारावी अशी आहे.

आश्चर्य असे की, स्वतंत्रपणे विचार करणारे आधुनिक लेखक याच ठिकाणी येऊन पोहोचले. रॉब पाइक यांनी १९८९ मधील आपल्या सी भाषेवरील टिपणात लांबी हा नावाचा गुण नव्हे, स्पष्टता हा गुण होय, अशी भूमिका घेतली. दहा वर्षांनी ब्रायन कर्निहन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी तिला नियमाचे रूप दिले : जे नाव सर्व प्रोग्रॅमभर वावरते ते अर्थवाही असावे, जे तीन ओळींच्या आवर्तनात जन्मते व मरते त्याला ‘आय’ हे एक अक्षर पुरे. याचा अर्थ आखूड नावे सर्वत्र निरुपद्रवी असतात असा मात्र नव्हे. हॉफमाइस्टर व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ७२ व्यावसायिक प्रोग्रॅमरांवर केलेल्या प्रयोगात, पूर्ण शब्दांची नावे असताना दोष शोधण्याचा वेग एकाक्षरी नावे व संक्षेप यांच्या तुलनेने सरासरी १९ टक्क्यांनी अधिक आढळला.

७

मूळ पद्धतीची बाजू घेतली म्हणून तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. तिचा पहिला दोष हा की, तिच्या खुणा एका कार्यालयाच्या खासगी संकेतासारख्या आहेत. आर-जी म्हणजे काय हे ज्याला सांगितलेले नाही त्याला ते तर्काने कळणार नाही. पाणिनीच्या अनुबंधांचे अर्थ सूत्रांतच बांधलेले आहेत, आणि ती सूत्रे अध्येत्याला मुखोद्गत असत. येथे असे सर्वमान्य सूत्रपाठाचे बंधन नाही. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. खूण वाचकाला सावध करते, पण वाचक दमलेला असेल तर ती काही करू शकत नाही. ‘पोओवी’ व ‘मुओवी’ यांची गल्लत यंत्रानेच पकडली तर? आडा भाषेत १९८३ च्या प्रमाणापासूनच पूर्णांकांचे असे दोन भिन्न प्रकार करता येतात की, एकाच्या जागी दुसरा आल्यास कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो. एफ-शार्प भाषेत तर मीटर व सेकंद यांसारखी परिमाणेही प्रकारात अंतर्भूत करता येतात. जेथे ही सोय आहे तेथे खुणेने माघार घ्यावी, हेच योग्य. ज्या कामाला पहारेकरी मिळाला आहे त्यासाठी पाटी लावण्याचे प्रयोजन नाही.

परंतु पहारेकऱ्याची हद्द कोठे संपते हेही पाहिले पाहिजे. नासाचे मंगळाकडे पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. चौकशी मंडळाला आढळले ते असे : यानाच्या लहान धक्क्यांची नोंद करणाऱ्या, पृथ्वीवरील प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये आवेग पौंड-सेकंदांत लिहिला जात होता, ती वाचणारा प्रोग्रॅम तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून चालला होता. एक पौंड म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन, प्रत्येक नोंदीत तेवढ्या पटीची चूक. फाइलला ‘लहान बले’ अशा अर्थाचे नाव होते. ते नाव खोटे नव्हते; पण जे कळणे अत्यावश्यक होते ते त्यात नव्हते. परिमाण न्यूटनमध्येच असावे असे लेखी विनिर्देशात होते, तेव्हा केवळ नाव बदलल्याने यान वाचले असते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही एवढे निश्चित की, एका प्रोग्रॅमची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाते तेव्हा कंपायलर मध्ये उभा नसतो. तेथे उरते ते नाव आणि ते वाचणारा मनुष्य. प्रतीक्षेच्या कालावधीच्या नावाअखेर ‘मिलिसेकंद’ किंवा त्याचा संक्षेप जोडण्याची आज सर्वत्र दिसणारी पद्धत ही या जाणिवेतून आली आहे. हंगेरियन पद्धती मृत झाली असे जे म्हणतात, त्यांच्याच प्रोग्रॅमांत ती अशी प्रत्ययरूपाने जिवंत आहे.

८

मराठी भाषकाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली नाही. नामकरणाच्या प्रचलित रूढींपैकी बऱ्याच रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांच्या भेदावर उभ्या आहेत. शब्दांचा सांधा दाखविण्यासाठी मधले अक्षर मोठे करणे, स्थिर राशींची नावे संपूर्ण मोठ्या अक्षरांत लिहिणे, वर्गाचे नाव मोठ्या अक्षराने आरंभणे, या सर्व रूढी देवनागरीत निरर्थक होतात, कारण आपल्या लिपीत तो भेदच नाही. पायथन भाषेच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावे चालतात. तेथे शब्दांमध्ये अधोरेषा देण्याची रूढी असल्याने ‘मुद्रित_ओवी’ असे नाव सुखाने लिहिता येते. गो भाषेत मात्र पहिले अक्षर मोठे असेल तरच ते नाव बाहेरच्या प्रोग्रॅमला दिसते. म्हणजे फॉरट्रानप्रमाणे येथेही अक्षर विधिरूप आहे, आणि तो विधी एका विशिष्ट लिपीवर अवलंबून आहे. शिवाय त्या भाषेच्या व्याकरणात नावातील अक्षरांची जी व्याख्या आहे तीत काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. त्यामुळे ‘मत’ हे नाव चालेल पण ‘मात’ चालणार नाही. जी गोष्ट रोमन लिपीत सहज रूढी वाटते ती वस्तुतः त्या लिपीचा गुणधर्म असते, हे यावरून दिसून येईल.

यावर मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याचा जो मार्ग आपले विद्यार्थी पुष्कळदा स्वीकारतात, तो तर अधिकच फसवा आहे. के-ए-एल या तीन अक्षरांतून ‘काल’, ‘काळ’, ‘कल’, ‘कळ’ यांपैकी कोणताही शब्द वाचता येईल; एन-ए-व्ही म्हणजे ‘नाव’ की ‘नव’, हे नाव ठेवणाऱ्यालाच सहा महिन्यांनी आठवणार नाही. इंग्रजी शब्द योजावा, किंवा साधन परवानगी देत असेल तर देवनागरी लिहावी. दोहोंच्या मधली वाट वाचकाला संदेहात टाकते. येथेही निकष तोच. नाव वाचून जे कळावयास हवे ते निःसंदिग्धपणे कळले पाहिजे.

९

वरील विवेचनाचे फलित थोडक्यात सांगता येईल. नावाला जोडलेली खूण तीन प्रकारची असू शकते. ती वस्तूचे स्वरूप ठरवीत असेल, तर ती नियमच आहे आणि तिचे पालन करण्यावाचून गत्यंतर नाही. जे अन्यत्र सांगितलेले आहे तेच ती पुन्हा सांगत असेल, तर ती आज निरुपयोगी व उद्या असत्य आहे. आणि जे अन्यत्र कोठेही सांगितलेले नाही, यंत्राला ठाऊक नाही, पण वाचकाला कळले नाही तर अनर्थ होईल, ते ती सांगत असेल, तर तिच्यासाठी खर्च केलेले प्रत्येक अक्षर सार्थकी लागले असे समजावे.

हंगेरियन पद्धतीचा जन्म तिसऱ्या हेतूने झाला आणि तिचा प्रसार दुसऱ्या रूपात झाला. पद्धती पसरते तेव्हा तिचे बाह्य चिन्ह आधी प्रवास करते. कारण मागे राहते, हे शास्त्रांच्या इतिहासात पुष्कळदा दिसणारे दृश्य आहे. आपल्या महाविद्यालयांतून प्रोग्रॅमिंग शिकविताना नावांचे नियम पाठ करून घेतले जातात, त्यांची कारणे क्वचितच सांगितली जातात. विद्यार्थ्याला एखादा नियम सांगावयाचा असेल, तर या खुणेवाचून कोणती चूक अदृश्य राहील, हा प्रश्न त्याच्यापुढे आधी ठेवावा. उत्तर मिळाले तर खूण ठेवावी. न मिळाले तर ती कितीही प्रतिष्ठित असली तरी सोडून द्यावी.